जोवर उभी ही टाकी

मुलांनो, जरा डोळे मिटा. नको, राहू द्या. डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. अशी कल्पना करा की तुमच्या गावातल्या सगळ्या नळांना मिळून एकच चावी आहे आणि ती तुमच्या खिशात आहे. तुम्ही ती फिरवलीत तर घराघरांत पाणी येतं. कुणाचा चहा होतो, कुणाचे कपडे धुऊन होतात, आणि तोंडाला साबण लावून बसलेल्या माणसाला डोळे उघडता येतात. नाही फिरवलीत, तर सगळं गाव रिकाम्या बादल्या घेऊन तुमच्या दाराशी. आता खरं सांगा, असं असतं तर तुम्ही रस्त्यानं साधे चालला असता का?

माझा मोठा भाऊ साधा चालत नसे.

तो पाणीपुरवठा खात्याचा प्रमुख होता. गाव त्याला साहेब म्हणे, मी दादा म्हणे, आणि माझी नात त्याला मोठे आजोबा म्हणे. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. का, ते तिला एकदा जागेवर बसवून पाहाल तेव्हा कळेल. दादा आता नाही. म्हणून तर ही गोष्ट मला सांगता येते आहे. तो असता तर त्यानं आधी ती तपासायला मागितली असती आणि निम्म्याहून अधिक खोडली असती.

दादाचा सगळा दरारा एका शब्दात होता. कुणी नळजोडणीसाठी हात जोडून समोर उभं राहिलं, की तो कागदावरची नजर न काढता म्हणायचा, "बघतो." आता, 'बघतो' हा आपल्या भाषेतला सगळ्यात निसरडा शब्द. मी 'बघतो' म्हणालो की ते काम होणार नाही, हे माझ्या बायकोला लग्नानंतर लगेच कळलं. पण दादा 'बघतो' म्हणाला की आठवड्याच्या आत त्या माणसाच्या दारात खड्डा खणलेला असायचा. तोच धातू, तोच काळ, तोच पुरुष. आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवूनही हा फरक मला मुलांना समजावून सांगता आला नाही. तो व्याकरणात नव्हताच, खुर्चीत होता.

खुर्ची गेली. वहिनी गेली. मग दादा आमच्याकडे राहायला आला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, आणि हळूहळू अंथरुणाला खिळला. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत अशक्तपणा. शस्त्रक्रिया झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तरी रोज संध्याकाळी तो धुतलेला सदरा मागायचा, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून घ्यायचा आणि दाराकडे तोंड करून उशीला टेकून बसायचा.

"मोठे आजोबा रोज काय करतात?" भिंगरीनं एकदा विचारलं.

"वाट बघतात," बायको म्हणाली.

"कुणाची?"

बायकोला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. गॅसवर दूध नव्हतं.

तर असं. 'बघतो' म्हणणारा माणूस आता 'वाट बघतो' एवढाच उरला होता. आणि अशा दिवसांत एका सकाळी दूधवाल्यानं पिशवी देता देता बातमी दिली की गावाची जुनी टाकी पाडणार आहेत. तडे गेलेत, नवी तयार आहे, कंत्राटदारही ठरला.

ती टाकी दादानं बांधली होती. म्हणजे बांधली मजुरांनी, पण तुम्हाला माहीतच आहे, मोठ्या वास्तू नेहमी साहेबांनी बांधलेल्या असतात. टाकीच्या पायाशी एक काळा दगड बसवलेला होता. त्यावर वरती ठसठशीत अक्षरांत दादाचं नाव आणि हुद्दा, आणि खाली एक कविता. कविता माझी. माझ्या आयुष्यातली ही एकमेव प्रकाशित कविता. कुठल्या संपादकानं ती साभार परत पाठवली नाही, याचं कारण ती दगडावर होती.

कविता अशी:

जोवर वाहे नदीत पाणी,
जोवर उभी ही टाकी,
तोवर नाव तयांचे राहो
या नगरीमध्ये बाकी.

हसू नका. 'टाकी'ला यमक शोधून पाहा, म्हणजे कळेल. 'खाकी' आहे, 'चाकी' आहे, 'नाकी' आहे, पण नाकी आलं की मागोमाग नऊ येतात. 'बाकी' मला अंघोळ करताना सुचलं होतं, आणि तेव्हा भरपूर पाणी होतं.

बातमी ऐकून दादानं मला हाक मारली. "टाकी जाऊ दे," तो म्हणाला. "टाकी म्हणजे काय, सिमेंट. दगड घेऊन ये. समोरच्या भिंतीला लाव. कुणी आलं तर दिसला पाहिजे."

कोण येणार आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "बघतो," म्हणालो.

"तुझं 'बघतो' नको," दादा म्हणाला. "माझं 'बघतो' म्हण."

त्याच आठवड्यात डॉक्टर जिना उतरताना मला हळूच म्हणाले होते, "मास्तर, औषधांनी करायचं ते केलंय. आता मन सांभाळा." म्हणून मी ठरवलं की दगड आणायचा. दादा जायच्या आधी, सबंध, त्याच्या समोर. एवढंच काम होतं. एक दगड इथून उचलून तिथं ठेवायचा. मुलांनो, जगातली सगळी मोठी संकटं 'एवढंच काम' या दोन शब्दांपासून सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे मी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. खरं तर मी घेतला नाही, जिन्यात उभं राहिलं की तो मिळतो. शेजारी वकील राहतात. ते निवृत्त आहेत, पण वाद घालणं थांबलेलं नाही. ते म्हणाले, "आधी दगडावर काय लिहिलंय ते सांगा."

मी कविता चालीत म्हणून दाखवली. वकिलांनी डोळे मिटले. मला वाटलं, रंगले.

"मास्तर," डोळे उघडून ते म्हणाले, "यात मुदत आहे."

"कसली मुदत?"

"'जोवर उभी ही टाकी, तोवर नाव.' म्हणजे टाकी पडली की नाव संपलं. जोवर-तोवर आलं की ती कविता राहत नाही, करार होतो. आणि हा तुम्हीच लिहून दिलाय, तोही दगडावर."

"अहो, ती कविता आहे."

"कोर्टात असं म्हणू नका."

एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरुणपणी काँक्रीट अमर वाटतं. नदी आटेल एक वेळ, पण टाकी कुठं जाते, असं वाटलं होतं मला.

दुसरी चूक म्हणजे मी चिटणिसांना सांगितलं. चिटणीस आमच्या इमारतीचे. ते खालच्या मजल्यावर राहतात, म्हणजे माझा दगड पडलाच तर त्यांच्या डोक्यावर पडणार. त्यांनी ताबडतोब सभा बोलावली. इमारतीतली मंडळी गच्चीवर जमली आणि पहिलाच प्रश्न आला, "पण हे साहेब कोण?"

मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे ते आजारी आजोबा आहेत, ते का?" आणि सगळ्यांना एकदम ओळख पटली. हो हो, ते आजोबा. खोकतात ते.

मुलांनो, त्याच इमारतीत एके काळी पाणी चढत नव्हतं आणि दादाच्या एका 'बघतो'वर ते तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलं होतं. मी हे सांगणार होतो. पण तोवर चर्चा पुढं गेली होती. दगड पंपाच्या खोलीत ठेवावा, त्यावर कपडे चांगले धुता येतील, असं एकाचं मत पडलं. फाटक वाऱ्यानं आपटतं, त्याला टेकवावा, असं दुसऱ्याचं. शेवटी ठरलं की भिंतीला भोक पाडायचं नाही, दगड जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवायचा आणि इमारतीला काही झालं तर जबाबदारी माझी. मी मान हलवली. इमारत कोसळल्यावर मी जबाबदारी कुठं उभा राहून घेणार, हे कुणी विचारलं नाही.

मग कार्यालय. भिंगरीला सुट्टी होती आणि तिला नुकतंच वाचायचं वेड लागलं होतं. पाट्या, पिशव्या, औषधांच्या बाटल्या, दिसेल ते ती मोठ्यानं वाचायची. तिला मी बरोबर घेतलं. हेच ते कार्यालय. एके काळी मी इथं भावाला डबा द्यायला आलो की शिपाई माझ्या हातातून तो डबा काढून घ्यायचा, मला त्रास नको म्हणून. आता शिपायानं मला विचारलं, "काम काय?" आणि उत्तर ऐकायच्या आत रांगेकडे बोट केलं.

पहिल्या टेबलावरच्या कारकुनानं अडचण नीट उलगडून सांगितली. "काका, दगड म्हणून मागितलात तर तो राडारोडा झाला. राडारोडा कंत्राटदाराचा. स्मारक म्हणून मागितलात तर ते शासनाचं झालं, ते हलवायला समिती बसवावी लागते."

"मग तो काय म्हणून मागू?"

"निरुपयोगी वस्तू म्हणून मागा. निरुपयोगी वस्तू नातेवाइकांना देता येते. फक्त तसं तुमच्या हातानं लिहून द्यायचं."

मी लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो. त्या अक्षरात मी लिहिलं की सदर दगडास कोणतेही ऐतिहासिक मूल्य नाही. कारकुनानं वाकून पाहिलं.

"'कलात्मक' पण घाला. कविता आहे ना त्यावर?"

"आहे."

"मग घालाच."

मी 'कलात्मक' घातलं. माझ्या कवितेवरची ही पहिली आणि शेवटची समीक्षा, आणि ती मी स्वतः, सहीनिशी केली.

तेवढ्यात भिंगरी भिंतीवरचा फलक वाचू लागली होती. "मा-जी. माजी अधि-कारी." ती वळली. "आजोबा, माजी म्हणजे ज्यांना माज असतो ते का?"

अख्खं कार्यालय हसलं. कारकून तर इतका हसला की त्यानं आमचा अर्ज स्वतः उठून पुढच्या टेबलावर नेला. मी भिंगरीला हळू आवाजात सांगितलं, "नाही गं. माजी म्हणजे पूर्वीचे. आता नसलेले."

"मग माज गेलेले," ती म्हणाली, आणि पुन्हा फलकाकडे गेली. फलकावर नावं वरून खाली जुन्यापासून नव्यापर्यंत होती, आणि वरच्या नावांवर कुणीतरी पाणी शुद्ध करायचं यंत्र ठोकलेलं होतं. भिंगरीनं भिंतीला गाल लावून यंत्राच्या मागं डोकावून पाहिलं.

"मोठे आजोबा मशीनच्या मागे आहेत," ती म्हणाली.

दादाच्या खुर्चीत एक तरुण बाई बसल्या होत्या. सभ्य होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. ते त्याच यंत्रातलं होतं. "ही टाकी कुणी बांधली ते मला खरंच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. त्यांनी सही केली. मी विचारलं, "काम कधी सुरू होईल? त्याआधी दगड काढायला हवा."

"मुकादमाला सांगायला हवं. बघते," त्या म्हणाल्या.

मी त्या 'बघते'वर फार विश्वास ठेवला. काय करणार, खुर्ची तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवाला, मी आणि भिंगरी टाकीपाशी पोचलो. वाटभर माझी नजर रस्त्यातल्या खड्ड्यांवर होती. वर पाहिलं, तर टाकी नव्हती. जिथं गावातल्या कुठल्याही गल्लीतून मान वर केली की ती दिसायची, तिथं आता नुसतं आभाळ होतं, आणि ते मला उगाच मोठं वाटलं. खाली ढिगारे. पिवळं पोकलेन एका बाजूला मान टाकून उभं होतं. मुकादम चहा पीत होता. मी कागद पुढं केला.

"दगड?" त्यानं ढिगाऱ्यांवरून हात फिरवला. "न्या की. कुठला पाहिजे?"

"लिहिलेला."

"हां, लिहिलेला होता खरा एक. काल पोकलेनच्या दातात आला तो. चार गाड्या भरून गेल्या रात्रीच, खाली भाताच्या खाचरात भर घालायला. आता त्यात गेला का इथं राहिला, कसं सांगू?"

मग आम्ही शोधायला लागलो. मी धोतर नेसत नाही हे बरं, कारण पँटही गुडघ्यावर फाटली. हातगाडीवाला एकेक दगड उलटा करून "हा?" विचारत होता आणि मी "नाही" म्हणत होतो. भिंगरी पुढं पळत होती आणि जे दिसेल ते वाचत होती. सिमेंटच्या फाटक्या पोत्यावरची अक्षरं वाचून ती "मोठे आजोबा" असं मोठ्यानं म्हणाली.

"तिथं काय लिहिलंय?" मी विचारलं.

"मला वाटलं तेच असेल."

"वाटलं ते वाचायचं नाही. लिहिलंय ते वाचायचं."

ती शहाण्यासारखी मान हलवून पुढं गेली. थोड्या वेळानं तिची हाक आली.

"आजोबा, इथं 'बाकी' आहे."

दगडाचा उजव्या कडेचा तुकडा होता. आम्ही तो पुसला. चारही ओळींचा शेवटचा एकेक शब्द त्यावर शिल्लक होता, एकाखाली एक. पाणी. टाकी. राहो. बाकी. वरचं नाव गेलं होतं, हुद्दा गेला होता, 'तोवर नाव तयांचे' एवढं सगळं कुठल्या तरी गाडीतून खाचरात गेलं होतं. मी उभा राहून चारी बाजूंना पाहिलं. नजर जाईल तिथवर करडी भुकटी पसरलेली, सपाट, आणि तिच्यावर आमच्याच पावलांचे ठसे.

मुकादम जवळ आला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "आजोबा, काही महत्त्वाचं होतं का त्याच्यावर?"

माझ्या खिशात माझ्याच अक्षरात उत्तर होतं. "नाही," मी म्हणालो.

तुकडा झाला तरी तो हलका नव्हता. वाटेत ओळखीचे लोक विचारत होते, "मास्तर, पायरी बसवताय का?" मी हो म्हणत होतो. इमारतीपाशी वकील आणि चिटणीस धावत आले. दोघांनाही आपला सल्ला कितपत फळला ते पाहायचं होतं. सगळ्यांनी मिळून दगड उचलला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो जिन्यात अडकला. वकील दगडाच्या वर, आम्ही दगडाच्या खाली, आणि मधून मुंगी जाणार नाही.

"थोडा उजवीकडे घ्या," चिटणीस म्हणाले.

"कुणाच्या उजवीकडे?" वकिलांनी वरून विचारलं. "ते आधी स्पष्ट करा."

ते स्पष्ट होईपर्यंत हातगाडीवाल्याचा धीर सुटला आणि त्यानं खांदा लावून दगड एकदम वर रेटला. दगड सुटला, वकिलांच्या अंगठ्यावर टेकला, आणि त्यानंतर ते जे बोलले ते कोर्टात चाललं नसतं.

दारात बायकोनं दगड पाहिला. पुन्हा पाहिला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "अहो, पण ह्यात दादा कुठं आहेत?"

आम्ही सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे राहिलो. मी म्हणालो, "त्याला दिसत नाही. दगड समोर ठेवू, मी वाचून दाखवीन. नावापासून सगळं. मला पाठ आहे."

"चांगलं आहे," वकील अंगठा चोळत म्हणाले. "विरुद्ध साक्ष नाही."

"मीही म्हणेन सबंध आहे म्हणून," चिटणीस म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्या बाजूनं बोलले. खोटं बोलायचं ठरलं की माणसं किती लवकर एक होतात. दाराच्या चौकटीला लोंबकळत भिंगरी हे सगळं ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी दादानं धुतलेला सदरा घातला. सगळी बटणं लावून घेतली. उशीला टेकून बसला. दगड समोरच्या भिंतीला टेकवलेला होता. वकील लंगडत आणि चिटणीस चपला काढून आत आले.

"कोण आलंय?" दादानं विचारलं. त्याला पावलं नेहमी आधी ऐकू येत.

"मंडळी आलीत, दादा. दगड बघायला."

तो ताठ झाला. त्याचं अंग कसं सरळ होत गेलं ते मला दिसलं, एखादी सुकलेली फांदी पाण्यात ठेवावी तसं. त्यानं उजवा हात थोडा उचलला, पूर्वी टेबलामागून उचलायचा तसाच. "बसा," तो म्हणाला. दोघे जण एका पेटीवर टेकले. मग दादा माझ्याकडे वळला. "वाच."

मी घसा साफ केला. आधी नाव म्हटलं, मोठ्यानं. मग हुद्दा. मग कविता. "जोवर वाहे नदीत पाणी, जोवर उभी ही टाकी..."

"थांब," दादा म्हणाला. "तू म्हणतोयस. वाचत नाहीयेस."

"वाचतोय की."

"वाचताना तू अडखळतोस. लहानपणापासून. आता तुझी चाल लागली. आणि आवाज दाराकडून येतोय. तू दगडाकडे बघतसुद्धा नाहीयेस." तो थोडा वेळ दम घेत राहिला. "तू भाऊ आहेस माझा. तू काहीही म्हणशील. तिला वाचू दे."

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मुलांनो, आयुष्यभर वर्गात मी हो किंवा नाही अशी मान हलवत आलो. त्या वेळी मला दोन्ही जमलं नाही. ती दगडापुढं मांडी घालून बसली आणि तिनं अक्षरावर बोट ठेवलं.

"पा-णी. पाणी." बोट खाली आलं. "टा-की. टाकी. रा-हो. राहो. बा-की. बाकी."

"पुढं?"

"पुढं नाही."

"वर काय आहे?"

"वर तुटलंय."

"आणि नाव?"

"ते गाडीतून गेलं," भिंगरी म्हणाली. "खाचरात."

दादाचे ओठ हलले. "बाकी काय राहिलंय मग?"

तिनं पुन्हा नीट पाहिलं, एकदा बोट फिरवून खात्री करून घेतली. "'बाकी'च राहिलंय."

वकील उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर पाहत राहिले, जिथून पूर्वी टाकी दिसायची. चिटणीस आपल्या पायांकडे पाहत होते. मी दादाकडे पाहायचं टाळत होतो. पाहिलं तेव्हा तो चाचपडत स्वतःच्या सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण काढत होता. बायको मदतीला पुढं झाली, त्यानं तिला हातानं थांबवलं. वेळ लागला, पण निघालं.

"तिला वाचायला कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"चांगलं शिकवलंस."

लहानपणापासून मी त्याच्या तोंडून हे शब्द ऐकायची वाट पाहिली होती. ते आले तेव्हा मला खाली कुठं तरी पाहावं लागलं.

मग दादानं तोंड भिंगरीच्या आवाजाच्या दिशेनं वळवलं. उभं आयुष्य लोक त्याला एकच प्रश्न विचारत आले होते, दारात, रस्त्यात, लग्नात, स्मशानात. त्यानं तो कधी कुणाला विचारला नव्हता. आता त्यानं विचारला, अगदी हळू, रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही माणसासारखा.

"भिंगरे, नळाला पाणी आलंय का गं?"

भिंगरी उठली आणि पळत मोरीत गेली. रिकामी बादली तिनं ओढत नळाखाली नेली आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याची धार बादलीच्या बुडाशी वाजू लागली. मधलं दार वाऱ्यानं सारखं लोटलं जातं, ते तिनं मागं ढकललं, आणि आवाज आतपर्यंत जावा म्हणून त्याला पाठ लावून तिथंच उभी राहिली.